एकाच स्पेलिंगखाली किती पंच?

डायवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी भोसरीत प्रेस शॉपला आहे. काम सांगायचं तर पत्र्यातून ब्लँक, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, पाडायचे, भोकं पाडायची. वर पंच, खाली डाय, मधे पत्रा. पंचाची धार गेली की ब्लँकच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत कोर, येते, मग पंच उतरवा, ग्राइंडिंगला पाठवा. दिवसभर तोंडात हाच शब्द. सकाळी गेटवर बोट लावतो त्यालाही पंचच म्हणतात, आणि ते राहिलं की एचआरचा मेसेज येतो, 'मिस पंच'.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडचा नवा ट्रेनी म्हणाला, "काका, पंच हा शब्द आपलाच की. पाच बोटांची मूठ म्हणून बॉक्सिंगचा पंच. पाच जण बसतात म्हणून गावचे पंच. पाच फळं घालतात म्हणून फ्रूट पंच." टेबलावरचे सगळे माना डोलवायला लागले. मला काही ते पटलं नाही, आणि का पटलं नाही हेही सांगता येईना. आमच्या पंचात पाच असं काहीच नसतं. गोल भोकाचा पंच एकटाच उभा असतो.

तर हे सगळे पंच एकाच खाणीतले आहेत का? व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, पण त्यात सगळं जगच संस्कृतातून काढलंय. तसलं नको. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

कुंपणावरचा

पाच फळं? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर फ्रूट पंच म्हणजे लाल सरबत आणि सोडा. फळ फक्त ग्लासच्या काठाला खोचलेलं.

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

खिळेजुळारी

डायवालेभाऊ, तुमचा पंच आणि माझा पंच एकच, म्हणून मीच आधी बसतो लिहायला. मी जुना कंपोझिटर, छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारा. ऑफसेट आलं आणि आमचे खिळे भंगारात गेले, तोवर हयात खिळ्यांच्या केसपुढे उभं राहण्यात गेली.

तुमच्या ट्रेनीचा कान चांगला आहे, हिशेब कच्चा आहे. इंग्रजीत या एका स्पेलिंगखाली निदान तीन वेगवेगळ्या घरचे शब्द नांदतात. आपला पाचवाला पंच त्यांतल्या एका घरात जाऊन राहिलाय की नाही, यावर पंडितांचं भांडण आहे. बाकी दोन घरांशी त्याचा काही संबंध नाही.

तुमचं घर सगळ्यात सरळ, म्हणून तिथूनच सुरू करतो. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोचायच्या आणि ठसा उमटवायच्या हत्याराला 'प्वाँसाँ' म्हणायला लागले. ते इंग्रजीत 'पंचन' झालं, पुढे शेपूट गळून 'पंच' राहिलं. क्रियापदही त्याच घरातलं, आणि त्याचा जुना अर्थ टोचणे, ढोसणे असाच आहे. अमेरिकेत गुराख्याला 'काउपंचर' म्हणतात तो गाईंना ठोसे मारत नाही, काठीच्या टोकाने ढोसत हाकतो. मुठीने ठोसा मारणे हा अर्थ सोळाव्या शतकात येतो. म्हणजे बॉक्सरचा पंच हा तुमच्या डायवरच्या पंचाचा धाकटा भाऊ. मुठीतली बोटं मोजायची गरजच नाही.

या टोचण्याच्या घरात माणसं पुष्कळ. टायरचं पंक्चर त्यातलंच. पॉइंट आणि त्यावरून अपॉइंटमेंट, अ‍ॅक्युपंक्चर, आणि नेमक्या टोकावर हजर होणारा तो पंक्चुअल. तेव्हा उद्या मिस पंच झाला आणि तुम्ही पंक्चरचं कारण दिलंत, तर सगळं घरातल्या घरात राहतं.

गेटवरच्या पंचाची गोष्ट थोडी लांबची आहे. अमेरिकेत रेल्वेचे कंडक्टर तिकिटावर ठरावीक ठिकाणी भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचे, केस कसे, डोळे कसे. एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून. हर्मन होलेरिथ नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने हे पाहिलं. मग त्याने माणसाची सगळी माहिती भोकांतून कार्डावर नोंदवायची आणि ती भोकं यंत्राने मोजायची अशी सोय केली. १८९० ची अमेरिकेची जनगणना त्या पंच कार्डांवर झाली. १९११ मध्ये त्याची कंपनी आणि कामगारांची हजेरी घेणारी घड्याळं बनवणारी कंपनी अशा दोन-तीन कंपन्या एकत्र आल्या, आणि १९२४ मध्ये त्याच कंपनीचं नाव आयबीएम झालं. हजेरीची घड्याळं बहुतेक कार्डावर वेळ छापायचीच, भोक पाडत नव्हती, पण शब्द चिकटला तो चिकटला. आता कार्डही गेलं, बोट उरलं, तरी आपण पंचच करतो.

आता माझ्या पंचाबद्दल न लिहिता उठलो तर झोप लागणार नाही. अक्षराचा खिळा पाडायचा तर आधी पोलादी कांडीच्या टोकावर ते अक्षर उलटं कोरायचं. हा पंच. तो पाणी देऊन कडक करायचा आणि तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा. तांब्यात अक्षर खोल उमटलं की तो साचा झाला. त्यात शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतला की खिळा तयार. एक पंच नीट कोरला तर त्यावरून साचे आणि साच्यांवरून हजारो खिळे निघतात. कोरताना वेलांटीचा बाक चुकला तर तोही हजारो वेळा निघतो.

या कामातला आपल्याकडचा पहिला मोठा माणूस कोण, तर बंगालचे पंचानन कर्मकार. १७७८ मध्ये हुगळीला हालहेड नावाच्या इंग्रजाचं बंगाली व्याकरण छापलं, त्याचे खिळे विल्किन्स या दुसऱ्या इंग्रजाने केले आणि पंचानन त्याच्या हाताखाली होते. पुढे ते बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेले आणि तिथे देवनागरीचेही पंच कोरले गेले. विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये त्याच छापखान्यातून निघालं. पंच कोरणाऱ्याचं नाव पंचानन. ट्रेनीला हे कळलं तर तो त्यातूनही व्युत्पत्ती काढेल, म्हणून आधीच सांगतो: तो पंच शंकराच्या पाच तोंडांचा आहे. मुंबईत नंतर निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी आणि त्यांच्या राणोजी रावजी आरूंनी देवनागरी खिळ्यांना जे वळण दिलं, त्यावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

बारमागे

खिळेकाका, दंडवत. पण पेयाच्या पंचाला कुठे ठेवलंत?

हॉटेल मॅनेजमेंटला आम्हाला शिकवलंय की पंच हिंदीतल्या पाचवरूनच आला. पाच घटक: आंबट, गोड, कडक, पाणी आणि मसाला. कॅरिबियनकडे यमकच आहे त्याचं, एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणी, वर जायफळ किसून. परीक्षेत हे लिहून मार्क घेतलेत मी. ते तरी आपलं राहू द्या.

खिळेजुळारी

बारमागे, मार्क परत करू नका, पण ऐका.

पेयाचा पंच हे दुसरं घर. हा शब्द कागदावर पहिल्यांदा सापडतो १६३२ मध्ये, आणि तोही आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका पत्रात. ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट अ‍ॅडम्स पेटापोलीच्या, म्हणजे आजच्या आंध्रातल्या निजामपट्टणमच्या, वखारीतल्या माणसाला लिहितो. एकोप्याने राहा नि पंच प्या, अशा थाटाचं एक वाक्य आहे. पंच म्हणजे काय ते तो समजावत बसत नाही. दोघांनाही ते रोजचंच असणार.

सहा वर्षांनी मांडेल्स्लो नावाचा जर्मन तरुण इराणच्या बंदरातून इंग्रजी जहाजावर बसून सुरतेला येतो. वाटेत काय काय प्यायलो त्याची यादी देतो, आणि तीत 'पालेपुंत्झेन' आहे. खलाशी पंचाचा वाडगा, म्हणजे 'बोल ओ पंच', म्हणत होते. जर्मन कानात शिरताना त्याचं असं झालं. १६५३ चा एक फ्रेंच प्रवासी त्याचंच 'बोलपोंज' करतो आणि वर सांगतो की हा शब्द इंग्रजी आहे, हिंदुस्थानातले इंग्रज हे पितात. त्याची कृती अशी: साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्किट. मोजा. पाच भरतात. पण औरंगजेबाच्या काळात इथे असलेला फ्रेंच डॉक्टर बर्निए बंगालचं जे बोलपोंज सांगतो त्यात काळ्या साखरेपासून गाळलेली अरक, लिंबू, पाणी आणि थोडं जायफळ. झाले चार.

पाचाची गोष्ट सांगतो तो जॉन फ्रायर, कंपनीचा डॉक्टर. आपल्या लोकांना हा माहीत असेल. इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन शिवराज्याभिषेकाला रायगडावर गेला होता त्याची हकिगत याच्या पुस्तकात आहे, आणि जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या घरी औषधपाण्याला हाच गेला होता. १६७० नंतरची ही सगळी वर्षं, पुस्तक छापलं १६९८ मध्ये. गोव्याच्या अरकेबद्दल लिहिताना तो म्हणतो, या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून अंगातली शक्ती घालवणारं एक पेय करतात, त्याला 'पाँच' म्हणतात, हिंदुस्थानीत पाँच म्हणजे पाच, कारण जिन्नस पाच. तुमच्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य फिरत फिरत इथूनच आलंय.

आता मुंबईकडे या. १६९४ मध्ये मुंबई सरकारच्या हुकुमांच्या वहीत एक नोंद आहे, ती हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात उतरवून घेतलीय. कोणी माणूस खानावळीत पंच प्यायला आला, तर त्याने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट चांगलं लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपण करावा. सरकारी हुकूम आहे, फ्रायरच्याच काळातला, फ्रायरच्याच किनाऱ्यावरचा. आणि जिन्नस तीन.

मग पाच कुठे गेले?

ही अरक म्हणजे माडीची गाळलेली दारू. शब्द अरबी, मूळ अर्थ घाम. भट्टीच्या भांड्याला आतून घाम सुटतो ना, तो. औषधाचा अर्क आपण म्हणतो तोही हाच, आणि गोव्यात काजूची पहिल्या धारेची उर्राक मिळते तीही हीच. पंचाच्या वाडग्यात इथला शब्द नक्की कुठला होता असं विचाराल तर मी अरकेवर बोट ठेवीन.

दुसरी अडचण उच्चाराची. सतराव्या शतकात ज्यांनी ज्यांनी हा शब्द इंग्रजांच्या तोंडून ऐकून आपापल्या भाषेत लिहिला, त्यांनी 'पुं' नाहीतर 'पों' लिहिलंय. 'पं' कोणी लिहीत नाही. म्हणून काही जणांना वाटतं की हा शब्द 'पंचन'वरून आला. पंचन नावाचं मोठं पिंप असतं, जहाजावर दारू त्यात भरत. आता हे पिंपवालं पंचन आणि वरचं हत्यारवालं पंचन सख्खे की नुसते एकमेकांसारखे दिसणारे, यावरही एकमत नाही. म्हणजे कोणी सांगावं, पेयाचा पंच शेवटी डायवाल्यांच्याच घरात निघायचा.

माझं मत विचाराल तर: पेय हिंदी महासागरातलं, ते घडवलं खलाशांनी आणि वखारीतल्या कारकुनांनी. नाव आपल्या पाचवरून असू शकेल. पण पाच जिन्नस मोजून नाव ठेवलं ही गोष्ट मागाहून बसवलेली वाटते. नाव आधी कानावर पडलं, मग कोणीतरी वाडग्यात डोकावून पाच मोजले.

कोर्टपायरी

खिळेकाका, एक उलटतपासणी.

मी फौजदारी बाजूला वकिली करते. पंचनाम्यात रोज बुडालेली असते. पंचनाम्याला पंच किती लागतात? कायद्याचे शब्द आहेत 'दोन किंवा अधिक', आणि पोलीस कायम दोनच आणतात. एकजण चहावाला, एकजण त्याच्या शेजारचा. त्यांना दोन पंच म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य सात ते सतरा. पाच सदस्यांची ग्रामपंचायत आपल्या कायद्यात बसतच नाही. कबड्डीच्या मैदानावर शिट्टी वाजवणारा एकटा माणूसही पंचच.

म्हणजे आपल्याच भाषेत या शब्दातला पाच कधीच उडून गेलाय, आणि आपल्याला पत्ताही नाही. मग इंग्रजांच्या वाडग्यात तीनच जिन्नस सापडले म्हणून नाव पाचवरून आलं नाही, हे कसं सिद्ध होतं? सुरुवातीला पाच असतील, नाव पडलं असेल, मग ज्याला जे मिळालं ते त्याने घातलं असेल. तीन जिन्नसांचा पुरावा मी कोर्टात टिकू देणार नाही.

कुंपणावरचा

ताई, पंचामृतात तरी पाच असतात ना अजून? का तेही उडालं?

कोर्टपायरी

दूध, दही, तूप, मध, साखर. देवाघरी मोजमाप चोख आहे. आमच्याकडे जेवणात वाढतात त्या पंचामृताचा मात्र हिशेब विचारू नका. मिरच्या, शेंगदाणे, खोबरं, तीळ, चिंच, गूळ. पाचावर थांबणाऱ्या सुगरणीला घरात कोणी विचारत नाही.

उत्तरध्रुवी

गोथेनबर्गहून लिहितोय. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण माझ्या इथे हे पेय अजून जिवंत आहे.

स्वीडनचीही एक ईस्ट इंडिया कंपनी होती, १७३१ मध्ये निघालेली, आणि तिचं ठाणं इथेच, गोथेनबर्गला. जहाजं जायची मुख्यतः चीनमध्ये कँटनला, चहा आणि चिनीमातीची भांडी आणायला, पण त्यांच्याबरोबर जावाची अरकही आली. आजही इथे 'पुन्श' नावाची पिवळसर गोड दारू बाटलीत मिळते आणि तिच्यात अरक असते. गुरुवारी वाटाण्याचं सूप, मागून पॅनकेक, आणि सुपाबरोबर गरम केलेला पुन्श, ही जुनी रीत. सैन्यातही गुरुवारी तेच सूप. माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये गुरुवारी सूप असतं, पुन्श अर्थातच नसतो. एक छोटा गोड रोलही मिळतो, वर बदामाचं हिरवं मार्झिपान, दोन्ही टोकं चॉकलेटमध्ये बुडवलेली, आत पुन्शाची चव. त्याला लोक लाडाने व्हॅक्युम क्लीनर म्हणतात. आकारावरून म्हणा, किंवा बेकरीतला उरलेला चुरा त्यात जातो म्हणून म्हणा.

मुद्दा असा की स्वीडिशमध्ये स्वर 'उ'कडे झुकतो. जर्मनमध्ये तर सरळ 'पुन्श'. या लोकांनी शब्द इंग्रजांकडून घेतला तेव्हाचा आवाज यांच्या तोंडात गोठून राहिलाय. म्हणजे खिळेकाकांच्या 'पुं'ला माझ्याकडून एक साक्षीदार.

खिळेजुळारी

ताई, आकड्याचा मुद्दा तुम्ही बिनतोड मांडलात. तीन जिन्नसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. नाव एकदा पडलं की मोजायला कोण बसतं? आता आवाजाची अडचण तेवढी राहते, आणि उत्तरध्रुवींनी ती आणखी घट्ट केली.

तो 'उ' असा. त्या काळापर्यंत इंग्रजीत कट, कप, पंच असे शब्द कुट, कुप, पुंच असे म्हणत. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा 'उ' हळूहळू 'अ' व्हायला लागला, उत्तरेकडे झालाच नाही. यॉर्कशरचा माणूस आजही पुंच म्हणतो. पुढे इंग्रजांचा 'अ' पक्का झाला, म्हणून पंडित आणि पंजाब लिहिताना ते यू हे अक्षर वापरायला लागले, आणि आपल्याला वाटतं की त्यांनी कायम तसंच ऐकलं असेल. पण १६३२ चा इंग्रज, ज्याच्या तोंडात यू म्हणजे बहुधा अजून 'उ', तो 'पंच' किंवा 'पांच' ऐकून यू लिहील का? फ्रायरने ओढूनताणून 'पाँच' असं स्पेलिंग केलं, कारण नुसत्या 'पुंच'मधून त्याचा पाच निघत नव्हता. हे माझं म्हणणं. कोशकार मंडळी याहून सावध असतात, ते 'बहुधा' लिहून मोकळे होतात.

आता ट्रेनीसाठी एक खाऊ. संस्कृतातला पंच, फारसीतला पंज, ग्रीकमधला पेंटे, लॅटिनमधला क्विंक्वे आणि इंग्रजीतला फाइव्ह हे सगळे खरोखर एकाच आजोबांचे. हाताचा पंजा फारसीतल्या पंजवरून, म्हणजे पाच बोटांवरून. आणि मुठीला इंग्रजीत 'फिस्ट' म्हणतात, तो शब्दही त्याच पाचाच्या मुळाचा असावा असं पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पोराला पाच बोटांचा वास बरोबर आला, फक्त शब्द चुकीचा हुंगला. पाच आहे तो मुठीच्या नावात. ठोशाच्या नावात नाही.

डायवाला_भोसरी

काका, हे भारी आहे. फिस्टचं उद्याच सांगतो त्याला, खूश होईल.

पण तुम्ही तीन घरं म्हणाला होतात. टोचणारं एक, वाडग्याचं एक. तिसरं राहिलं.

खिळेजुळारी

तिसरं घर बाहुल्यांचं.

नेपल्समध्ये मुखवटे घालून करायच्या नाटकांत पुल्चिनेल्ला नावाचं पात्र असायचं. बाकदार नाक, पुढे आलेलं पोट, पाठीला कुबड. नाव बहुधा कोंबडीच्या पिल्लावरून, नाक चोचीसारखं म्हणून. इटालियन बाहुलीवाले त्याला घेऊन लंडनला आले. सॅम्युएल पेपिसने ९ मे १६६२ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये हा खेळ पाहून रोजनिशीत लिहून ठेवला. इंग्रजांच्या तोंडात पुल्चिनेल्लाचं पंचिनेलो झालं आणि पुढे नुसतं पंच. हा बाहुला काठीने बायकोला बडवतो, पोलिसाला बडवतो, शेवटी फाशी द्यायला आलेल्यालाही चकवतो. तो सारखा मारतो म्हणून त्याचं नाव पंच, असं पुष्कळ इंग्रजांनाही वाटतं. नाही. नाव पिल्लाचं, मारामारी त्याच्या अंगातली. आखूड आणि गुटगुटीत माणसालाही पूर्वी पंच म्हणत. सफोक पंच नावाचे ओझ्याचे घोडे आहेत ते बहुतेक तसलेच.

याच बाहुल्यावरून १८४१ मध्ये लंडनला 'पंच' साप्ताहिक निघालं. पहिल्या संपादकांतल्या एकाचं आडनाव लेमन, आणि लिंबाशिवाय पंच कसला, हा विनोद तेव्हा फिरला. एका ओळीत दोन घरं एकत्र आणली त्यांनी. व्यंगचित्राला कार्टून म्हणायची चालही १८४३ मध्ये याच साप्ताहिकाने पाडली. आधी कार्टून म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा.

आणि मग आपल्याकडे पंचांची रांगच लागली. मुंबईत 'पारसी पंच' १८५४ मध्ये, त्याचाच पुढे 'हिंदी पंच' झाला. लखनौला १८७७ मध्ये 'अवध पंच'. आणि ठाण्याहून 'हिंदू पंच' नावाचं मराठी साप्ताहिक निघायचं. तुमच्या सगळ्या गोंधळाचा मुकुटमणी हा. लंडनचा कुबडा बाहुला ठाण्याला आला तेव्हा मराठी वाचकाने मथळा कसा वाचला असेल? हिंदूंचा न्यायनिवाडा करणारा पंच असाच. आणि सरकारला चिमटे काढणाऱ्या पत्राला दोन्ही अर्थ सोयीचेच. इथे आपला पंच आणि त्यांचा पंच एकाच खिळ्यांत जुळले, व्युत्पत्ती काही का असेना. जुळवणारा कंपोझिटर माझ्यासारखाच कोणी असेल, त्याने बहुधा शिव्या घातल्या असतील. जोडाक्षरं तेव्हाही पुरायची नाहीत.

बारमागे

मी अजून १६९४ च्या हुकुमातच अडकलोय.

क्वार्ट त्या काळचा धरला तरी साधारण लिटरभर अरक. अर्धा पौंड साखर म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. अर्धा पाइंट लिंबाचं पाणी म्हणजे जेमतेम पाव लिटर. आमच्या यमकात कडक तीन आणि पाणी चार. इथे कडक चार आणि आंबट एक, आणि साधं पाणी निराळं दिलेलंच नाही. हे एका माणसाने प्यायचं होतं?

कोर्टपायरी

हुकुमात 'कोणी माणूस' एवढंच असेल तर एकट्यालाही मागता येईल. मज्जाव दिसत नाही.

खिळेजुळारी

पंच ग्लासात मागवायची चीज नव्हतीच तेव्हा. वाडगा मधे, मंडळी भोवती. परदेशी लोकांनी शब्द ऐकला तोही वाडग्यासकट, पालेपुंत्झेन नि बोलपोंज. तेव्हा मागणारा एक, पिणारे चारपाच, असं समजू.

बारमागे

मग चारपाच जणांत एकदा करून बघायला हरकत नाही. माडीची अरक कुठे मिळेना, उर्राक चालवून घेऊ. सीझन मेअखेरपर्यंत आहे, मालवणचा एक मित्र गोव्याला जातो त्याला सांगतो. लिंबू आपल्याकडचं कागदी. साखर निम्मी करतोय, सव्वादोनशे ग्रॅम माझ्याच्याने घालवणार नाही.

कुंपणावरचा

उर्राकमध्ये लिमका घालतात. हिरवी मिरची चिरून आणि मीठ.

बारमागे

हुकुमात लिमका नाही.